क्लच दाबला तरी गाडी ओढते? इंजिन उघडण्याआधी हे तपासा



नाव आणि जाळ्यानंतर आपल्या धंद्यात तिसरी गोष्ट म्हणजे मोटरसायकल. घाटावरची मासळी धर्माबादला न्या नाहीतर निजामाबादला, क्रेट गाडीवरच बांधावे लागतात. म्हणून आजचा पाठ गाडीचा.

परवा आपल्या एका सभासदाच्या गाडीवर दोन क्रेट होते, वर बर्फ. बासरच्या मंदिराकडच्या रस्त्यावर गर्दी होती, लेकरांना अक्षराभ्यासाला घेऊन आलेली माणसं. त्यांनी क्लच दाबला, पण गाडी उभी राहीना, पुढंच सरकायला लागली. समोर आईचं बोट धरलेलं लेकरू. त्यांनी ब्रेक मारला, इंजिन बंद पडलं, गाडी कलली आणि एक क्रेट रस्त्यावर. लेकराला काही झालं नाही, देवाची कृपा. पण असं परत व्हायला नको.

एका मिस्त्रीनं सांगितलं, "इंजिन खोला, प्लेटा बदला." आम्ही म्हटलं, थांबा, आधी बघू. नळीत हवा निघाली. तेलाच्या एका छोट्या बाटलीत काम झालं.

ही वायरची गाडी नाही

आपल्या रोजच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना क्लचची वायर असते. ढिली झाली की नट फिरवून ताणतो, विषय संपला. हायड्रॉलिक क्लच काही मोठ्या गाड्यांना कंपनीकडूनच येतो. आता मात्र पोरं ऑनलाइन सेट मागवून साध्या गाडीलाही बसवतात. ह्या सभासदाच्या गाडीला मुलानं तसाच सेट बसवला होता. ह्यात वायरीचं काम तेल करतं. हँडलवर मास्टर सिलिंडर, खाली इंजिनाजवळ दुसरा सिलिंडर, मध्ये तेलानं भरलेली नळी. लिव्हर दाबली की वरचा पिस्टन तेल ढकलतो, खालचा पिस्टन सरकतो आणि प्लेटा एकमेकींपासून सुटतात.

बंद तेलावर दिलेला दाब सगळीकडं सारखा पोचतो. हा पास्कलचा नियम, लेकरांच्या शाळेच्या पुस्तकात असतो. खालचा पिस्टन मोठा ठेवला की जोर वाढतो, पण जेवढा जोर वाढतो तेवढी हालचाल कमी होते. खालच्या पिस्टनचं तोंड वरच्याच्या चौपट असेल तर तो फक्त पाव अंतर सरकतो. बोटाजवळ लिव्हर चांगली चार-पाच सेंटिमीटर हलते, पण आत प्लेटांना मिळते ती जेमतेम दोन मिलिमीटरच्या आसपासची फट.

आता नळीत हवेचा बुडबुडा आला तर? तेल दबत नाही, हवा दबते. नाव ओढताना दोर ढिला असला तर आपण हात-दीड हात ओढतो आणि नाव जागची हलत नाही. तसंच हे. दोन मिलिमीटरमधला थोडा भाग हवेनं खाल्ला की प्लेटा अर्ध्याच सुटतात.

आधी दुखणं ओळखा

क्लच सुटत नसेल तर उभ्या गाडीत न्यूट्रल लागत नाही, पहिला गिअर टाकताना मोठा ठोका बसतो, क्लच दाबूनही गाडी पुढं ओढते. उलट इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी पळत नाही, तर तो क्लच घसरतोय. ते दुखणं वेगळं, त्यावर हा पाठ नाही.

थंड गाडीत प्लेटा तेलानं थोड्या चिकटतात, त्यावरून निकाल देऊ नका. गाडी गरम करा, इंजिन बंद करा, पहिला गिअर टाका, क्लच दाबा आणि ढकलून बघा. सहज सरकली तर ठीक. अडली तर पुढं वाचा.

पाच तपासण्या, ह्याच क्रमानं

१. डब्यातलं तेल. हँडल सरळ करून पातळी बघा. ब्रेकचं तेल पॅड झिजतील तसं खाली जातं. क्लचचं उलटं, प्लेटा झिजतील तशी पातळी थोडी वर येते. म्हणून क्लचचं तेल कमी झालं तर झिजण्याचं कारण सांगू नका, कुठंतरी गळती आहे.

२. गळती. लिव्हरमागचं रबर उचलून बघा, नळीचे दोन्ही जोड बघा, खालचा सिलिंडर बघा. आपल्या गाडीवर क्रेटमधलं बर्फाचं पाणी सतत ठिबकतं, त्यामुळं फसायला होतं. आधी कोरडं पुसा, रात्रभर गाडी रिकामी ठेवा, सकाळी बोट लावून बघा.

३. पंप करून बघा. लिव्हर चार-पाच वेळा पटापट दाबा आणि शेवटी दाबून धरा. आता न्यूट्रल सहज लागला, लिव्हरही कडक झाली, तर नळीत हवा आहे.

४. दाबून धरा. मोकळ्या जागेत इंजिन चालू, पहिला गिअर, पुढचा ब्रेक पक्का. क्लच मिनिटभर धरा. सुरुवातीला ठीक आणि हळूहळू गाडी ओढायला लागली, तर सिलिंडरमधलं रबर सील दाब सोडतंय. ते बदलावं लागतं.

५. लिव्हरचा खेळ. लिव्हरचा बोल्ट, बुश झिजले असतील तर सुरुवातीची हालचाल वायाच जाते.

हवा कशी काढायची

टाकीवर ओलं फडकं टाका, ब्रेकचं तेल रंग खातं. डब्याचं झाकण उघडून तेल भरा. खालच्या निप्पलला पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक थोडं तेल असलेल्या बाटलीत बुडवा. एकानं लिव्हर दाबून धरायची, दुसऱ्यानं निप्पल पाव फेरा उघडायचा. बुडबुडे निघतील. निप्पल बंद केल्यावरच लिव्हर सोडायची, नाहीतर हवा परत आत जाते. मधेमधे डबा भरत राहा, रिकामा पडला की सगळं पहिल्यापासून.

बुडबुडे संपतच नसतील तर सिरिंजनं खालून वर तेल ढकला. हवा आपोआप वर जाते, तिला तीच वाट द्या. वरचा डबा ओसंडणार नाही एवढं बघा.

हे करू नका

झाकणावर जे लिहिलंय तेच तेल घाला. कुठं डॉट ४ लागतं, कुठं मिनरल ऑइल. एकाच्या जागी दुसरं घातलं की सील फुगून खराब होतात. इंजिन ऑइल, खायचं तेल तर नाहीच नाही. ब्रेकचं तेल हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून पावसात किंवा ओल्या हातानं झाकण उघडू नका, अर्धी राहिलेली जुनी बाटली वापरू नका आणि दोन वर्षांनी तेल बदला.

एवढं करूनही सुटत नसेल तर

ऑनलाइन सेट असेल तर त्याच्या दोन सिलिंडरांचं माप तुमच्या गाडीला जुळतं का बघा. इंजिनावरचा क्लचचा दांडा जुन्या वायरीनं जेवढा हलायचा तेवढा हलत नसेल, तर कितीही हवा काढा, उपयोग नाही. सरळ वायर परत बसवा, त्यात कमीपणा नाही. दांडा पुरता हलतो आणि तरी गाडी ओढते, मगच प्लेटा वाकल्यात का, इंजिन ऑइल चुकीचं आहे का ते बघायला इंजिन उघडा.

हायड्रॉलिक सुकाणूच्या मोठ्या नावांनाही हाच नियम. चाक मऊ लागलं की आधी तेल आणि हवा बघायची.

दुरुस्ती होईपर्यंत त्या गाडीवर क्रेट बांधू नका. एक दिवस भाड्याच्या गाडीनं मासळी गेली तर थोडा तोटा होईल. गर्दीत गाडी सुटली तर त्याची भरपाई कुणालाच करता येणार नाही.