शाळेची फी कोण ठरवतं, आणि हरकत घ्यायला किती खर्च येतो?

एप्रिलमध्ये वाढीव फीचा आकडा कळला की पालकांच्या ग्रुपवर संताप सुरू होतो. तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळेने फीचा प्रस्ताव नवं वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी मांडायचा असतो. म्हणजे जूनच्या फीचा निकाल आदल्या हिवाळ्यातच लागतो. कायदा 2014 पासून लागू आहे आणि बोर्ड कोणतंही असो, त्यातून सुटका नाही.

फीला मंजुरी देते ती पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती. शाळा सुरू झाल्यापासून 30 दिवसांत संघ स्थापन व्हावा लागतो. अध्यक्षपद मुख्याध्यापकांकडे, उपाध्यक्षपद पालकाकडे असतं, आणि प्रत्येक इयत्तेतून एक पालक समितीवर येतो. हे पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात. शाळेने आपल्याला सोयीची नावं परस्पर घातली, तर सगळी व्यवस्थाच पोकळ होते. म्हणून सोडत सर्वांसमक्ष झाली का, हे विचाराच.

पालकांच्या हातात खरी ताकद इथेच आहे. समजा, शाळेने 80,000 रुपये मागितले आणि समितीने 72,000 मंजूर केले. तफावत 15 टक्क्यांच्या आत असल्याने शाळेला 72,000 स्वीकारावेच लागतात. तफावत त्याहून जास्त असेल तरच संस्था विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाऊ शकते. तिचे अध्यक्ष निवृत्त जिल्हा न्यायाधीश असतात. मंजूर फी दोन वर्षं बदलत नाही.

एकट्या पालकाला मात्र विभागीय समितीकडे थेट दाद मागता येत नाही. नंतरच्या दुरुस्तीने 25 टक्के पालकांची अट घातली. हजार मुलांच्या शाळेत इतक्या सह्या गोळा करणं फार अवघड, आणि ही अट पालकांवर अन्याय करणारी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरी कागद मिळवणं स्वस्त आहे. शिक्षणाधिकारी कार्यालयात (मुंबईत शिक्षण निरीक्षकांकडे) माहिती अधिकाराचा अर्ज करा. अर्जाला 10 रुपये, प्रतींना पानामागे 2 रुपये, पहिल्या अपिलाला 20 रुपये लागतात. समितीची यादी, सभेचं इतिवृत्त आणि मंजूर फीचा तपशील मागा. ग्रंथालय, प्रयोगशाळा, परीक्षा अशा नावांखाली घेतलेली रक्कमही फीतच मोडते, तीही ताडून पाहा. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. जादा घेतलेली फी परत करावी लागते, शिवाय पहिल्याच गुन्ह्याला एक ते पाच लाखांचा दंड आहे.

शाळेत पालक-शिक्षक संघाची सूचना लागली की आपलं नाव सोडतीसाठी नक्की द्या. चिठ्ठी निघाली, तर फीच्या सभेआधी शाळेचा जमाखर्च मागून घ्या.