वृक्षांच्या वंशावळीच्या खुणा

उत्तर अमेरिकेंतील रॉकी पर्वताच्या उंच उतारांवर पांढऱ्या सालीचा पाइन हा सूचिपर्णी वृक्ष वाढतो. बाहेरून सारखीं दिसणारीं हीं झाडें आंतून भिन्न असतात. तो भेद जनुकद्रव्यांतील खुणांवरून ओळखतां येतो. पाइनच्या हरितकणांतील जनुकद्रव्य पित्याकडून, परागाबरोबर येतें. तंतुकणिकांतील मातेकडून, बियांबरोबर. म्हणून पहिल्यावरून वाऱ्यानें पराग कोठवर नेला हें आपणांस कळतें. दुसऱ्यावरून नटक्रॅकर पक्ष्यानें बीं कोठवर नेऊन पुरलें हें.

युरोपांतून आलेल्या तांबेरा रोगानें हीं वनें उजाड होत आहेत. २०२२ सालीं अमेरिकेनें हा वृक्ष धोक्यांत असल्याचें जाहीर केलें. क्वचित एखादें झाड मात्र रोगास दाद देत नाहीं. लागवडीस अशाच झाडांचें बीं घ्यावें. परंतु तीं सर्व एकाच कुळांतील नाहींत ना, हें खुणांवरून आधीं पारखावें. उद्यांच्या संकटांत कोणाचा गुण तारील, हें आज आपण जाणत नाहीं.