शनिवारी मागायचं नाही

अलिबाग, गुरुवार रात्र

चि. भाचीस,

दुपारी तुझा फोन आला तेव्हा दारात माणसं होती, धड बोलता आलं नाही. शेजारचा मुलगा उद्या पहाटेच्या एसटीने ठाण्याला निघालाय. त्याच्या हाती हे पत्र देते.

तुझ्या बाबांच्या बायोप्सीचा रिपोर्ट सोमवारी येणार. तू रोज तीन वेळा तफिलाची प्रार्थना करतेस, रात्री उठून पुन्हा करतेस, आणि मला विचारतेस, "मावशी, माझं काही कमी पडत नाही ना?" अगं, देवाकडे अर्ज एकदा पोचला की पोचला. दर तासाला खिडकीशी जाऊन शिक्का बसला का बघायला ती काय कचेरी आहे?

आपल्या बेने इस्रायल पूर्वजांना या कोकणात शनिवार तेली म्हणत, हे तुला ठाऊक आहेच. शेकडो वर्षं त्यांच्याकडे ना सेफेर तोराची गुंडाळी होती, ना प्रार्थना चालवणारा हजान. शेमाची प्रार्थना तोंडपाठ होती आणि शनिवारी घाणा बंद असायचा. मला यातला घाण्याचा बैल आवडतो. शनिवारच्या विश्रांतीच्या आज्ञेत त्याचंही नाव आहे: तू, तुझी मुलं, तुझे नोकर आणि तुझं जनावर. आजोबा सांगायचे, डोळ्यांवरची झापड काढून दावणीला बांधला तरी बैल थोडा वेळ मान एका अंगाला कलती धरून उभा राही. तुझं मला तेच दिसतंय. फोन खाली ठेवलास तरी मान तिकडेच.

आता एक गोष्ट नीट बघ. रोजच्या आमिदाच्या प्रार्थनेत एकोणीस आशीर्वाद असतात. पहिले तीन स्तुतीचे, शेवटचे तीन आभाराचे आणि मधले तेरा मागण्यांचे: अक्कल दे, क्षमा कर, आजार बरा कर, पीकपाणी दे. आजाराचा आठवा. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, हे तेराच्या तेरा गळतात. त्यांच्या जागी एकच येतो, तोही त्या दिवसाबद्दलचा. एकोणिसाचे सात होतात. लहानपणी मला वाटायचं, सुट्टी म्हणून प्रार्थनाही आखूड! मग कधीतरी उमगलं की मागणं हेसुद्धा कामच आहे. सहा दिवस ते जीव लावून करायचं आणि सातव्या दिवशी घाण्यातून सोडायचं. आपल्या मशिदीत, म्हणजे सिनेगॉगमध्ये, शनिवारीही आजाऱ्याचं नाव घेतात, नाही असं नाही. पण आज रडायचा दिवस नव्हे, बरं वाटणं जवळच आहे, अशा अर्थाचे शब्द त्याला जोडतात. रब्बींनी तर पुढे जाऊन म्हटलंय, सगळी कामं उरकल्यासारखे बसा. कामं कुणाची उरकतात? म्हणून तर 'सारखे'.

माझ्या आईला, म्हणजे तुझ्या आजीला, हे कुणी शिकवलं नव्हतं. 1964 साल. तुझे मोठे मामा इस्रायलला जाऊन वर्ष झालं होतं आणि तीन महिने त्यांचं पत्र नव्हतं. तिकडे लग्नासाठी आपल्या लोकांच्या वंशाची चौकशी चालू होती, लोक जेरुसलेमला धरणं धरून बसले होते. आई रोज संध्याकाळी पदर पसरून रडायची. आणि एका शनिवारी सकाळी पोस्टमन पत्र देऊन गेला. आईने ते हातात घेतलं, अक्षर पाहिलं आणि न फोडता फळीवर तांदळाच्या डब्याला टेकून ठेवलं. शब्बाथला पाकीट फाडायचं नाही. आम्ही भावंडं दिवसभर त्या फळीखाली घुटमळलो. आई मात्र जेवली, आणि त्या तीन महिन्यांत पहिल्यांदा दुपारी झोपली. मी तिला विचारलं, "तुला भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "जे लिहायचं ते त्याने लिहून झालंय. मी आता रडून त्यातलं अक्षर बदलणार आहे का?" तारे दिसल्यावर पाकीट फोडलं. मामा खुशाल होते. त्यांनी आमसुलं मागवली होती!

आईचं उत्तर ऐकून मला तेव्हा रागच आला होता. तुलाही येईल. भाऊजींच्या रिपोर्टात आमसुलं नसतील, हे मला कळतं. तुझी काळजी नाहीशी कर, असं मी म्हणतच नाही. ती फळीवर ठेव, एवढंच.

शुक्रवारी स्वयंपाक लवकर उरक. काळ्या मनुका सकाळीच भिजत घाल, नाहीतर किद्दुशच्या सरबताला रंग चढत नाही. ताटात दोन चपात्या झाकून ठेव. मिसरातून निघाल्यावर रानात देव देई तो मान्ना शुक्रवारी दुप्पट मिळे आणि शनिवारी वेचायला जायचं नसे, त्याची ती खूण. तरी काही जण गेलेच होते वेचायला, आणि रित्या हाताने परतले. आपली माणसं!

बाबांना रात्री काही त्रास झाला तर मात्र सरळ डॉक्टरांना फोन कर, गाडी बोलाव. जिवापुढे शब्बाथ मोडायचाच असतो, तिथे मागेपुढे बघू नकोस.

शनिवारी रात्री तारे दिसले, की त्याच रात्रीच्या आमिदात आठवा आशीर्वाद परत येतो. तेव्हा माग, हवं तितकं माग. मीही इथे मागेन.

पत्राबरोबर दिव्यासाठी खोबरेल पाठवते आहे. बाटलीचं बूच सैल आहे, उभीच ठेव.

तुझी,
मावशी