छताचं ठिगळ लपवायचं कसं?

अहिल्यानगरच्या सावेडी उपनगरातल्या एका घरात ऐन पावसाळ्यात वरच्या न्हाणीघराचा पाइप झिरपला आणि हॉलच्या जिप्सम सिलिंगला परातीएवढं भगदाड पाडावं लागलं. मिस्त्रीनं नवा तुकडा बसवला, सांध्यांवर जाळीची टेप मारली, पुट्टी ओढली, रोलरनं दाणे उठवले आणि वरून पांढऱ्या रंगाचा हात दिला. दुपारी पाहणाऱ्याला काहीच कळलं नाही. संध्याकाळी कोव्हमधली, म्हणजे छताच्या कडेच्या खाचेतली, एलईडी पट्टी लागली आणि छतावर चौकोन उमटला. रंगाऱ्यानं त्यावर आणखी एक हात मारला, तर चौकोन आणखीच ठसठशीत!

कोव्हचा उजेड छताला घासून जातो, त्यामुळे कागदाएवढ्या उंचवट्याचीही सावली पडते. जुन्या दाण्यांवर रंगाचे तीन-चार थर चढून ते बोथट झालेले असतात. नवे मात्र टोकदार. त्यात कोऱ्या पुट्टीला प्रायमर नसेल तर ती रंग जास्त पिते आणि तेवढ्याच भागाची झाक बदलते.

म्हणून आधी गळती बंद करायची आणि ओल पूर्ण सुकू द्यायची. मग पुट्टी सांध्यावरच न थांबवता दोन्ही बाजूंना फूटभर पातळ होत उतरवायची. दाण्यांचा प्रयोग थेट छतावर करू नये. उरलेल्या बोर्डावर रोलर, स्पंज, मसाल्याचा घट्टपणा बदलून तीन-चार नमुने काढावेत आणि आडवी बॅटरी मारून जुन्याशी ताडून पाहावेत. जमलेला नमुना जुन्या भागावर थोडा चढवत न्यायचा, ओला असतानाच टोकं पट्टीनं हलकी दाबायची. बिघडलं तर तेव्हाच खरवडता येतं. वाळल्यावर घासकाम आलं.

जुन्या वाड्यांत मात्र पुट्टी-सिमेंटचा हात आखडता घ्यावा. अहिल्यानगरात १५८३ साली पुरा झालेला फराहबक्ष महाल चुन्याच्या गिलाव्याचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश कडक होतो आणि ओल बाहेर जाऊ देतो. त्यावर सिमेंटचा तुकडा मारला की ओल आत कोंडते आणि शेजारचा जुना गिलावा फुगून सुटतो. चुन्याला चुनाच लावावा.

अमेरिकेत जुनं घर घेतलेल्यांनी तर छत खरवडण्याआधीच थांबावं. तिथल्या खडबडीत ‘पॉपकॉर्न’ छतांत पूर्वी अ‍ॅस्बेस्टॉस असे. सजावटीसाठी ते फवारण्यावर १९७८ साली बंदी आली, पण आधीची छतं तशीच राहिली. प्रयोगशाळेत नमुना तपासल्याशिवाय छताला पत्री लावू नये.

सावेडीतल्या घरात शेवटी पुट्टी घासून नव्यानं उतरवली, प्रायमर मारला आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत अख्खं छत मॅट रंगानं रंगवलं. चौकोन गेला. हा खर्च नंतर अंगावर येऊ नये म्हणून मिस्त्रीच्या दरपत्रकात ‘तुकडा बसवणे’ एवढंच न लिहिता प्रायमर, नमुना आणि पूर्ण छताचा रंग या तीन बाबी वेगळ्या मांडून घ्याव्यात, आणि शेवटचा हप्ता कोव्हचे दिवे लावून छत पाहिल्यावरच द्यावा.