धूर नव्हता, अग्नी होता

चि. मुक्ता,


तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. गौरी-गणपतीत आबांशी तुझी खडाजंगी झाली हे ताईकडून आधीच कळलं होतं. तिचं पालुपद होतं, "पोरगी फार शेफारलीय", आणि तुझं, "आबांकडे एकही उत्तर नव्हतं". मला दोन्ही पटलं नाही. एवढं सगळं मोबाइलवर लिहायचं तर माझे अंगठे दुखतात, म्हणून सरळ कागद घेतला.

तू लिहितेस की आबा एवढंच म्हणाले, "हे सगळं कुणी केल्याशिवाय का झालंय?" आणि मग तू ह्यूम, डार्विन, डॉकिन्स असं एकामागून एक काढून त्यांना गप्प केलंस. आबांचं ते वाक्य घरगुती दिसतं, पण त्याचं कुळ फार थोर आहे. पृथ्वी, अंकुर वगैरे गोष्टी कधीतरी उत्पन्न झालेल्या, म्हणजे कार्यरूप आहेत. जे जे कार्य, त्याला कर्ता असतो, जसा घटाला कुंभार. तेव्हा यांनाही कर्ता आहे. नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचं, हे अनुमान आबांनी एका दमात, देवाला दूर्वा वाहता वाहता सांगितलं. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली' या ग्रंथात त्याला पक्की बांधणी दिली. त्यांच्या 'लक्षणावली'वर शके 906, म्हणजे इ.स. 984 हा काळ नोंदलेला आहे, त्यावरून तू अंतर मोज. या एका हेतूवर, म्हणजे अनुमानातल्या कारणावर, ते थांबले नाहीत. सृष्टीच्या आरंभी परमाणूंना पहिली हालचाल कुणी दिली? हे जग कोसळत का नाही? विणण्यासारख्या कला पहिल्यांदा कुणी कुणाला शिकवल्या? माझा आवडता हेतू संख्येचा. न्यायमतानं 'दोन' ही संख्या मोजणाऱ्या बुद्धीमुळे उपजते, आणि दोन परमाणूंच्या जोडीला जो आकार येतो तो या दोनपणामुळे. मग सृष्टीच्या आधी, मोजायला कुणीच नसताना, ते दोन कुणी मोजले? वाचताना हसू येतं, पण खोडायला बस, म्हणजे घाम फुटेल.

आता तुझ्याकडे वळतो. ह्यूमचं पुस्तक 1779 साली, तो वारल्यानंतर छापलं गेलं आणि ते थोरच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आबांच्या वाक्यावरचा सर्वांत नेमका घाव त्याच्या हजार-अकराशे वर्षं आधी आपल्याकडेच घातला गेला होता. बौद्ध आचार्य धर्मकीर्ती 'प्रमाणवार्तिका'त वारुळाचं उदाहरण देतात. घट मातीचा आणि कुंभारानं केलेला. वारूळही मातीचं, त्यालाही घडीव आकार. मग तेही कुंभारानंच केलं असं म्हणायचं का? मुद्दा समजून घे. घराकडे पाहून आपण गवंड्याचं अनुमान करतो ते 'ही काहीतरी रचना आहे' एवढ्यावरून करत नाही. तशा प्रकारची रचना माणसाच्या हातून होताना पाहिलेली असते, म्हणून करतो. डोंगराला आणि घराला 'रचना' हा एकच शब्द लावता आला म्हणून घराबद्दलचा अनुभव डोंगराला लागू होत नाही.

इथे तू टाळी वाजवशील. थांब जरा. तू आबांना म्हणालीस, "रानातलं गवत कोण पेरतं? त्याला कुठे कर्ता दिसतो?" आबांच्या जागी एखादा कसलेला नैयायिक असता तर त्यानं तुला तिथेच पकडलं असतं. वाद ज्याच्याबद्दल चाललाय, ज्याला पक्ष म्हणतात, त्यातलीच वस्तू उलटं उदाहरण म्हणून पुढे करता येत नाही. अंकुराला कर्ता आहे की नाही हाच तर प्रश्न आहे. 'दिसत नाही, म्हणून नाही' असं धरून चाललीस तर जे सिद्ध करायचं तेच तू आधी गृहीत धरलंस. पर्वतावर धुरावरून अग्नी सांगणाऱ्याला "पण पर्वतावर अग्नी दिसत नाही ना" असं म्हणून कुणी खोडत नाही.

मग पुढची चाल खेळावी लागते. कुंभाराला हातपाय असतात. आपण पाहिलेल्या प्रत्येक कर्त्याला शरीर आहे. तर देवालाही शरीर माना, नाहीतर तुमचा नियम सोडा. यावर नैयायिकांचं उत्तर असं की, शरीर ही कर्त्याची खूणच नव्हे. साहित्य काय आहे याचं प्रत्यक्ष ज्ञान, करायची इच्छा आणि प्रयत्न, एवढं असलं की कर्ता झाला. तू म्हणशील की शरीराशिवाय प्रयत्न कुणी पाहिलाय? ते म्हणतील, मनाचा एक निश्चय होतो आणि तुझा हात हलतो. तो निश्चय हातावर चालण्यासाठी आणखी एखादं शरीर मध्ये लागतं का? हा सामना शतकानुशतकं चालला. अकराव्या शतकात विक्रमशिलेच्या रत्नकीर्तींनी ईश्वरसाधनाच्या खंडनावर अख्खा ग्रंथ लिहिला. पाच मिनिटांत संपणारं यात काही नव्हतं.

माझं मत विचारशील तर उदयनांचा कार्यत्वाचा हेतू मला टिकलेला वाटत नाही. धर्मकीर्तींच्या वारुळाला पुरेसं उत्तर मला अजून कुठे सापडलेलं नाही. पण म्हणून 'देव नाही' हे सिद्ध झालं असं म्हणायला मी धजत नाही, आणि माझं तुला सांगणं आहे ते नेमकं इथेच. तू आबांचा हेतू पाडलास (तोही अर्धवट) आणि साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचं तेच, पाडल्याच्या थाटात घरभर फिरलीस. बारावीच्या तर्कशास्त्राच्या पेपरात कुणी असं लिहिलं तर मी लाल पेनानं रेघ मारतो.

कोण कुठल्या बाजूला उभं होतं ते पाहिलंस तर गंमत वाटेल. कुमारिल भट्ट हे वेदांचे कट्टर कैवारी. बौद्धांशी त्यांनी हयातभर झुंज घेतली. पण 'श्लोकवार्तिका'त जगाच्या कर्त्याची त्यांनी जी उलटतपासणी केलीय ती वाचून कुठलाही निरीश्वरवादी खूश होईल. शरीर नसताना त्याला करायची इच्छा कशी झाली? करुणेपोटी जग केलं म्हणावं तर सृष्टीआधी करुणा करायला होतं कोण? करुणाच होती तर सगळं सुखाचंच का नाही केलं? आणि प्रजापतीनं स्वतः येऊन "मी केलं" असं सांगितलं तरी विश्वास का ठेवायचा, तो बढाई मारत असेल! त्यांना वेद हवेत ते कुणीही न रचलेले, अपौरुषेय. म्हणून वेदांचा कर्ता नको, आणि जगाचाही नको.

दुसरीकडे रामानुजाचार्य. नारायणाचे परमभक्त, आणि ब्रह्मसूत्रांवरच्या श्रीभाष्यात ते ईश्वराचं अनुमान तुकड्या-तुकड्यानं मोडून काढतात. डोंगर, समुद्र हे सगळं एकाच वेळी, एकाच कर्त्यानं केलं हे कशावरून? निरनिराळ्या काळी निरनिराळ्यांनी केलं नसेल कशावरून? ह्यूमनं पुढे हेच विचारलं, जहाज पुष्कळ जण मिळून बांधतात म्हणून, तेव्हा मधे सहा-साडेसहाशे वर्षं गेली होती. ह्यूम हे संशयापोटी विचारतो. रामानुजांना मात्र देव शास्त्रातूनच कळतो हे दाखवायचंय, म्हणून तर्काचा हक्कच ते काढून घेतात.

युरोपातही हेच. अ‍ॅन्सेल्मनं 1077-78च्या सुमाराला मांडलं, की ज्याहून थोर कशाची कल्पनाच करता येत नाही ते नुसतं मनात असून भागणार नाही, ते असायलाच हवं. त्याची टर उडवली ती गोनिलो या मठवासी साधूनं: मग ज्याहून उत्तम बेटाची कल्पना करता येत नाही असं बेटही कुठेतरी असायला हवं! देवावरची त्याची श्रद्धा तसूभर हलली नव्हती. आणि अ‍ॅन्सेल्मनं काय केलं माहितेय? आपल्या ग्रंथाच्या प्रती निघतील तेव्हा गोनिलोची टीका आणि आपलं उत्तर दोन्ही त्याला जोडावीत अशी व्यवस्था केली. तुझ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असं कुणी करत असेल तर मला कळव.

आता तुझं दुसरं वाक्य, "जे विज्ञानानं सिद्ध होतं तेच ज्ञान". हे वाक्य कोणत्या प्रयोगशाळेत सिद्ध झालं, हा प्रश्न तुझ्या सरांनी विचारला नसेल तर मी विचारतो. चार्वाकांना याच प्रश्नानं छळलं होतं. प्रत्यक्ष हे एकच प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, असं ते म्हणाले. पण हे तू दुसऱ्याला पटवून देतोस तेव्हा त्याच्या मनात काय आहे हे तुला डोळ्यांनी दिसलं का, असं धर्मकीर्तींनी विचारलं. बौद्ध दोन प्रमाणं मानतात, सांख्य तीन, नैयायिक चार, प्राभाकर मीमांसक पाच, भाट्ट मीमांसक आणि अद्वैती सहा. या भांडणाचा निकाल लागल्याशिवाय देवाचं भांडण नुसतं सुरूसुद्धा करता येत नाही, आणि म्हणून आपले शास्त्री आधी प्रमाणांशी झगडत बसत.

या झगड्यातली एक गोष्ट मला फार प्रिय आहे. धर्मकीर्तींचे टीकाकार धर्मोत्तर, आठव्या शतकातले. ते म्हणतात, समजा कुणी मांस भाजायला नुकताच जाळ केलाय. धूर अजून निघालेला नाही. पण मांसाच्या वासानं किडे-माश्यांचा थवा वर घोंगावतोय. लांबून कुणी पाहिलं, त्याला तो थवा धूर वाटला आणि तो म्हणाला, "तिथे अग्नी आहे." अग्नी खरोखर आहे. त्याचं म्हणणं खरं आहे, त्याची खात्रीही आहे, त्याच्याकडे कारणही आहे. मग त्याला अग्नीचं ज्ञान झालं का? 1963 साली एडमंड गेटिअर या अमेरिकन प्राध्यापकानं तीन पानांच्या लेखात याच जातीची दोन उदाहरणं दिली आणि पाश्चात्त्य ज्ञानमीमांसेत केवढी धांदल उडाली! खरं असणं, खरं वाटणं आणि सकारण वाटणं, हे तिन्ही जमून आलं तरी ज्ञान म्हणता येईलच असं नाही. श्रीहर्षानं बाराव्या शतकात बंद मुठीतल्या कवड्या नुसत्या अंदाजानं बरोबर ओळखणाऱ्याचं उदाहरण दिलंय तेही याच वंशातलं.

हे आता तुमच्या दोघांच्या भांडणाला लाव. आबांनी धूर म्हणून दाखवला तो किड्यांचा थवा निघाला असेल. मी तर म्हणतो निघालाच. पण त्यावरून खाली जाळ नाही असं कुणी सांगितलं? आणि उलटही बघ. समजा खरोखर देव नाही. तरी "कर्ता दिसत नाही, म्हणून नाही" या तुझ्या हेतूनं तुला ते ज्ञान झालेलं नाही, नुसती मुठीतली कवडी लागलीय.

तुझ्या भात्यातला सर्वांत जहरी बाण तू काढला नाहीस, तो म्हणजे दुःखाचा. देव दयाळू, तर हे का? ब्रह्मसूत्रकारांनाही यावर उत्तर द्यावं लागलं, आणि ते त्यांनी कर्म आणि संसाराचं अनादित्व यांवर नेऊन ठेवलं. मला ते फारसं रुचत नाही, त्यावर पुन्हा केव्हातरी. पण आजी गेल्यावर आबा रोज हरिपाठ म्हणू लागले हे तुला ठाऊक आहे. तो प्रश्न त्यांच्यापुढे टाकायचा असेल तर वेळ-काळ बघ. त्यांनी तो स्वतःला विचारला नसेल असं समजू नकोस.

त्यांचा हरिपाठ उदयनांच्या हेतूवर उभा नाही, हेही लक्षात घे. ज्ञानदेव 'अनुभवामृता'त एक प्रकरण शब्दाच्या खंडनाला देतात आणि एक अज्ञानाच्या. जे स्वतःच प्रकाशतं त्याला प्रमाणाचा दिवा दाखवण्यात काय अर्थ, असा त्यांचा रोख. याला तर्कानं खोडता येत नाही, पण वादात पुरावा म्हणून वापरताही येत नाही. म्हणून आबा "हे अनुभवानं कळतं" म्हणाले तर मान डोलाव, आणि "हे जग त्यानंच केलं" म्हणाले तर बेधडक हेतू विचार. तिथे वयाचा मान आड येऊ देऊ नकोस. मीही देत नाही.

आपल्या वाईचंच घे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्राज्ञपाठशाळेत जुन्या पद्धतीनं शिकले, कलकत्त्याची तर्कतीर्थ पदवी मिळवली, पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे वळले आणि जडवादावर पुस्तक लिहिलं. ईश्वरवाद्यांची बाजू त्यांना ईश्वरवाद्यांहून चोख मांडता येत होती, त्यामुळे त्यांनी ती नाकारली तेव्हा विरोधकांनाही ऐकून घ्यावं लागलं. तू डॉकिन्सच्या पुस्तकातून देवाची बाजू शिकलीस. आरोपीच्या वकिलाकडून फिर्यादीची बाजू समजून घेण्यासारखं आहे ते.

न्यायसूत्रात चर्चेच्या तीन जाती सांगितल्यात: खरं काय ते ठरवायला करायचा तो वाद, जिंकायला करायचा तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याची नुसती मोडायची ती वितंडा. गौरीजेवणाच्या दिवशी तू यातलं काय केलंस ते तूच ठरव.

दिवाळीत येशील तेव्हा एक काम करून ये. आबांचं म्हणणं प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन असं पाच अवयवांत, स्वतःच्या हातानं, कागदावर लिही. शरीराच्या आक्षेपावरचं नैयायिकांचं उत्तरही त्यात घाल. मग ते आबांना वाचून दाखव, आणि "हो, मला हेच म्हणायचं होतं" असं ते म्हणेपर्यंत दुरुस्त करत राहा. वारूळ त्यानंतर काढ. त्या वेळी मी तिथे असेन असं बघ, मला आबांचं उत्तर ऐकायचंय.

ताईला सांग, पोरगी शेफारलेली नाही, घाईत आहे.

तुझा,
मामा