हत्याराची झीज आणि यंत्राचा कान

शिरोली, भोसरी, सातपूर, वाळूज यांपैकी कोणत्याही औद्योगिक वसाहतीतील मशीन शॉपमध्ये थोडा वेळ उभे राहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. लेथवरील जुना, जाणता कारागीर हत्याराकडे सतत पाहत नसतो. तो ऐकत असतो. कापण्याचा आवाज किंचित कर्कश झाला, निघणाऱ्या किसाचा रंग पालटला, यंत्राची थरथर हाताला निराळी लागली, की तो यंत्र थांबवतो आणि हत्यार बदलतो. ही जाण त्याने अनेक वर्षांच्या कामातून कमावलेली असते. ती बहुधा कोठेही लिहून ठेवलेली नसते आणि तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबर निघून जाते.

ही जाण यंत्राला शिकवता येईल काय? संकेतांचे विश्लेषण आणि न्यूरल नेटवर्क, म्हणजेच चेताजाल, या दोन साधनांच्या जोडीने ते बऱ्याच अंशी साध्य झाले आहे. ते कसे होते, आणि त्याला कोणत्या मर्यादा आहेत, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

झीज का मोजावयाची?

धातू कापताना हत्याराच्या टोकाशी मोठा दाब व उष्णता निर्माण होते. नुकत्याच कापलेल्या पृष्ठभागाशी घासून हत्याराची बगल झिजते, तर वरून सरकणाऱ्या किसामुळे त्याच्या माथ्यावर खळगा पडतो. लेथवरील हत्यारांच्या चाचणीसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय मानकात, बगल एकसारखी झिजत असेल तर ०.३ मिलिमीटर सरासरी झीज ही हत्याराच्या आयुष्याची मर्यादा धरली जाते.

हत्यार लवकर बदलले तर त्याचे उरलेले आयुष्य वाया जाते. उशिरा बदलले तर जॉबचे माप चुकते, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि प्रसंगी हत्यार मोडून जॉबही भंगारात जातो. मोठा कारखाना हा तोटा सोसू शकतो. दोन-चार यंत्रांवर जॉबवर्क करणाऱ्या लघुउद्योजकाचा मात्र परत आलेल्या एका खेपेने महिन्याचा हिशेब कोलमडतो.

टेलर यांचा नियम

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर यांनी १८८० मध्ये सुरू केला. सुमारे २६ वर्षांच्या प्रयोगांचे सार त्यांनी १९०६ मध्ये तेथील यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडले. कापण्याचा वेग वाढला की हत्याराचे आयुष्य किती घटते, हे त्यांच्या सूत्राने सांगता येऊ लागले. कार्बाइडच्या हत्यारासाठी या सूत्रातील घातांक साधारणपणे ०.२५ च्या आसपास असतो. त्यानुसार हिशेब केला, तर वेग केवळ २० टक्क्यांनी वाढवल्यास आयुष्य निम्म्याहूनही कमी होते.

परंतु हा नियम सरासरीचा आहे. एकाच डबीतील दोन इन्सर्ट सारखेच टिकतील असे नाही. ओतीव कामाच्या पृष्ठभागावर कठीण थर असला किंवा साच्यातील वाळूचे कण चिकटून राहिले, तर धार अपेक्षेपूर्वीच जाते. यंत्रावर या क्षणी असलेले हत्यार किती झिजले आहे, याचे उत्तर सूत्र देऊ शकत नाही. ते हत्याराकडूनच मिळवावे लागते.

संकेतांची भाषा

यासाठी यंत्रावर संवेदक बसवतात. एक कापण्याचे बल मोजतो, दुसरा कंपन मोजतो, तर तिसरा धातूच्या अंतर्भागात उठणारे सूक्ष्म ध्वनितरंग टिपतो. या तरंगांची कंपने सेकंदाला लाखाच्या घरात असल्याने ती मानवी कानाला ऐकू येत नाहीत. यंत्राच्या मोटरला लागणारा विद्युतप्रवाह मोजणे हा त्यातल्या त्यात स्वस्त मार्ग होय. मात्र त्यातून लहानसहान बदल टिपणे कठीण जाते.

संवेदकाकडून येणारा संकेत हा अनेक कंपनांचा गोंधळ असतो. गुंतागुंतीचा आकार साध्या तरंगांच्या बेरजेने मांडता येतो, हे फ्रेंच गणिती फूरिये यांनी उष्णतेवरील आपल्या १८२२ च्या ग्रंथात दाखवले होते. १९६५ मध्ये कूली व ट्युकी यांनी हे गणित संगणकावर झपाट्याने करण्याची रीत प्रसिद्ध केली. भजनात टाळ, मृदंग आणि वीणा एकदम वाजत असता जाणकार श्रोता प्रत्येकाचा नाद वेगळा ओळखतो, तसेच काम हे गणित करते. कोणत्या वारंवारतेची कंपने वाढली, त्यांची शक्ती किती, चढउतार किती, असे मोजके आकडे त्यातून हाती येतात.

चेताजाल कसे शिकते?

हे आकडे आणि झीज यांचा संबंध सरळ नसतो. तो शोधण्याचे काम चेताजाल करते. मेंदूतील चेतापेशींच्या जोडणीवरून सुचलेली ही गणिती रचना १९४३ मध्ये मॅककलक व पिट्स यांनी प्रथम मांडली. रुमेलहार्ट, हिंटन व विल्यम्स यांच्या १९८६ च्या निबंधानंतर तिला शिकवण्याची रीत सर्वत्र रूढ झाली. जालाला संकेतांचे आकडे द्यावयाचे, त्याने झीज किती ते सांगावयाचे, खऱ्या मोजमापाशी ते ताडून पाहावयाचे आणि जी चूक निघेल तिच्या प्रमाणात जालातील जोडण्यांचे भार सुधारावयाचे, हा क्रम सहस्रावधी वेळा चालतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील रंगवाला व डॉर्नफेल्ड यांनी १९९० मध्येच बल आणि ध्वनितरंग यांचे संकेत चेताजालास देऊन हत्याराची अवस्था ओळखण्याचे काम प्रसिद्ध केले होते.

३१५ फेऱ्यांचा पाठ

या क्षेत्रात आजही अभ्यासली जाणारी एक माहिती २०१० ची आहे. यंत्रांच्या आरोग्याचे पूर्वानुमान हा विषय हाताळणाऱ्या एका अमेरिकन संस्थेने त्या वर्षी एक खुली स्पर्धा ठेवली. तीन दातांच्या सहा मिलिंग कटरनी कठीण पोलाद कापले. प्रत्येक कटरच्या ३१५ फेऱ्या झाल्या. कटर मिनिटाला १०,४०० फेरे फिरत होता. म्हणजे सेकंदाला त्याचे ५२० दात पोलादावर आदळत होते. बल, कंपन व ध्वनी यांच्या एकूण सात संकेतांची नोंद सेकंदाला ५०,००० वेळा होत होती.

यातील महत्त्वाची बाब निराळीच आहे. प्रत्येक फेरीनंतर दातांची झीजही मोजण्यात आली होती. तीन कटरांची ही मोजमापे स्पर्धकांना दिली गेली आणि उरलेल्या तिघांची झीज केवळ संकेतांवरून सांगावयाची होती. संवेदकाचे आकडे यंत्र आपोआप देते; परंतु झिजेचे खरे उत्तर कोणीतरी प्रत्यक्ष मोजून लिहिल्याखेरीज शिकवणी होऊच शकत नाही.

परीक्षा कशी घ्यावी?

शिक्षकांना एक गोष्ट सहज पटेल. वर्गात सोडवून दिलेलीच गणिते परीक्षेत घातली, तर सर्वच विद्यार्थी हुशार ठरतात. चेताजालाचेही तसेच आहे. एकाच कटरच्या काही फेऱ्या शिकवण्यासाठी आणि त्याच कटरच्या उरलेल्या फेऱ्या परीक्षेसाठी घेतल्या, तर निकाल उत्तम दिसतो. पण तो पाठांतराचा निकाल असतो. जालाने कधीही न पाहिलेला कटर समोर ठेवणे, हीच खरी परीक्षा. धातू, वेग, शीतक द्रव किंवा यंत्र बदलले की पूर्वीची शिकवण अपुरी पडते आणि नव्याने मोजमाप करावे लागते. अशी यंत्रणा विकणारा अचूकतेची मोठी टक्केवारी सांगू लागला, तर ती कोणत्या परीक्षेतील आहे हे खरेदीपूर्वी विचारणे अगत्याचे आहे.

आरंभ वहीपासून

यावरून लघुउद्योजकांनी व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. संवेदक आणि संगणक पुढे केव्हाही घेता येतील. आज गरज आहे ती एका वहीची आणि मापनपट्टी असलेल्या सूक्ष्मदर्शकाची. इन्सर्ट बदलताना धातू कोणता होता, वेग किती, किती जॉब निघाले, बगल किती झिजली आणि तो का बदलला, या पाच नोंदी प्रत्येक वेळी कराव्यात. शेवटच्या रकान्यात जाणत्या कारागिराने ‘आवाज बदलला’ असे लिहिले, तर तीही मोलाची नोंद आहे. गावातील मुले या संस्थांत प्रवेश घेतात. तेथे त्यांना केवळ यंत्र चालवावयास नव्हे, तर मोजावयास व लिहावयासही शिकवले जाते काय, याची चौकशी पंचायत सदस्यांनी आस्थेने करावी.

चेताजालामुळे कारागिराचे महत्त्व संपेल, अशी भीती काही वेळा व्यक्त होते. ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. यंत्राजवळ उभे राहून केवळ ऐकण्याचे काम उद्या संवेदक करील. परंतु त्या संवेदकाला उत्तरे पुरवणारा, त्याची चूक ओळखणारा आणि नवा धातू आला की पुन्हा मोजणारा माणूस लागणारच. जुन्या कारागिराची जाण त्याच्या निवृत्तीपूर्वी वहीत उतरली, तरच ती पुढच्या पिढीच्या आणि पुढच्या यंत्राच्या उपयोगी पडेल.