वासाखालचा चहा

सातारा

चि. सायली हिस,


तुझं खोकं परवा पोचलं. सहाही डबे नीट आले, एकाचंही झाकण हललेलं नाही. सोबतची चिठ्ठी वाचली. "आत्या, यातला चांगला कोणता ते सांग, म्हणजे दिवाळीला ऑफिसात तोच देईन." सायली, मी डबे फोडलेले नाहीत. चाखून एक नाव कळवणं हे एका सकाळचं काम आहे, पण पुढच्या वर्षी दुकानात सहाऐवजी सोळा डबे दिसतील आणि तू पुन्हा मलाच विचारशील. याच सहा चहांचा जोड तुझ्याकडे ठाण्याला आहे. तेव्हा हे पत्र वाच, पाणी ठेव आणि स्वतः ठरव.

आमच्या मामंजींचं चहाचं दुकान होतं हे तुला माहीत आहे. दारात मामरीची, म्हणजे दाणेदार चहाची, आणि डस्टची खोकी उघडी असत, आत काचेच्या बरणीत थोडी दार्जिलिंगची पत्ती. गिऱ्हाईक यायचं, चिमूटभर चहा तळहातावर घेऊन हुंगायचं आणि "द्या पावशेर" म्हणायचं. मामंजी ते कधी करत नसत. कोरड्या पत्तीचा वास ते घ्यायचे, पण त्यावर निकाल देत नसत. पांढऱ्या कपात चहा उतरवायचा, गाळून चोथा हुंगायचा, मग भुरका मारायचा. निकाल त्यानंतर. साध्या चहाला जर एवढी सावधगिरी, तर वरून वास चढवलेल्या चहाला किती हवी! डबा उघडताच जो वास नाकात शिरतो तो पुष्कळदा चहाचा नसतोच. तो चहावर पांघरलेला असतो, आणि आपल्याला पाहायचं असतं पांघरुणाखाली कोण झोपलंय ते.

यातली माझी एक चूक सांगते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मामंजींनी मला निलगिरीच्या पत्तीचा एक नमुना घरी चाखायला दिला. मी तो कागदाच्या पुडीतच फडताळात ठेवला, शेजारी हिंगाची डबी. चार दिवसांनी चहा केला तर उग्र, विचित्र वास. मी "माल खराब आहे" म्हणून सांगितलं आणि मामंजींनी माझ्या शब्दावर त्या मालाची ऑर्डर रद्द केली. पुढे दुकानात ठेवलेला त्याच मालाचा दुसरा नमुना उघडला, तो निर्दोष निघाला. ज्यानं नमुना पाठवला त्याचं विनाकारण नुकसान झालं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तुझे सहा डबे एकमेकांपासून आणि मसाल्यांपासून दूर ठेव, हे पहिलं सांगणं त्यातूनच आलंय.

कारण वाळलेली चहाची पत्ती भोवतालचा वास ओढून घेते. हिंगानं माझा घात केला, पण याच गुणावर चीनमधल्या फूच्यान प्रांतात, फूचौ शहराच्या परिसरात, जाईचा म्हणून जगभर विकला जाणारा चहा तयार होतो. त्याचं फूल खरं तर आपला मोगरा. दुपारी कळ्या खुडतात, रात्री त्या उमलू लागल्या की हिरव्या चहात मिसळून ठेवतात, सकाळी फुलं चाळून काढतात. पुन्हा ताजी फुलं, पुन्हा रात्र. चांगल्या मालाला असे कितीतरी हात देतात. उन्हाळ्यात माठात मोगरा टाकलेलं पाणी तू प्यायली आहेस, तेव्हा हा न्याय तुला वेगळा समजावून द्यायला नको. तुझ्या डब्यांतला मोगऱ्याचा चहा उघडशील तेव्हा त्यात वाळक्या पाकळ्या भरपूर दिसल्या म्हणून खूश होऊ नको. वास देऊन झालेली फुलं काढून टाकायची असतात. उरलेल्या पाकळ्या बहुधा डोळ्यांसाठी असतात.

दुसरी रीत तेलाची. तुझ्या पेटीतला अर्ल ग्रे हा त्या रीतीचा सगळ्यात प्रसिद्ध चहा. बर्गमॉट नावाचं लिंबाच्या कुळातलं फळ असतं, मुख्यतः इटलीच्या दक्षिण टोकाला कॅलाब्रियात पिकणारं. त्याच्या सालीचं तेल काळ्या चहावर शिंपडतात. संत्र्याची साल दुमडून पिळल्यावर जो फवारा उडतो, तसलाच हा वास, फक्त जरा कडसर आणि फुलांकडे झुकणारा. चहा बरा असेल तर तेलाचा हात हलका पुरतो. हलक्या प्रतीचा चहा मात्र जड तेलाखाली लपवता येतो, म्हणून हा चहा तपासताना अधिक सावध राहा. तिसरी रीत आपल्या ओळखीची: वेलची, सुंठ, लवंग, गवती चहा थेट मिसळायचं. आणि डब्याच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाच. वरून स्वाद घातला असेल तर तो नैसर्गिक, निसर्गसदृश की कृत्रिम हे तिथे छापलेलं असतं. निसर्गसदृश म्हणजे फळाफुलात असणारा रेणूच, पण प्रयोगशाळेत केलेला. तो लगेच वाईट ठरत नाही. मात्र तुझ्या आंब्याच्या चहाबद्दल मी आधीच साशंक आहे. आजोळी रत्नागिरीला अढीतला हापूस हुंगत वाढलेल्या मुलीला आंब्याच्या गोळीचा वास हापूस म्हणून खपवता येणार नाही.

आता कृती. रविवारी सकाळी दहा-साडेदहाची वेळ धर. नाश्ता होऊन तास उलटलेला असावा. घरात फोडणी नको, उदबत्ती नको, अंगाला अत्तर नको. कप पांढरे आणि आतून कोरे. चहाच्या परीक्षणासाठी आयएसओ ३१०३ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, मूळ १९८० सालचं. त्याचं माप १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा, झाकून सहा मिनिटं. प्यायला हा चहा फार कडक होतो आणि म्हणूनच तो उपयोगाचा, कारण सहा मिनिटांत चहाचे दोष उघडे पडतात. चमच्यानं मोजू नको. चमचाभर मामरी आणि चमचाभर लांब पानाची पत्ती यांच्या वजनात मोठा फरक असतो. तुझ्या आईनं केकसाठी घेतलेला काटा आहे, तो काढ. हिरव्या चहाला मात्र घरी मी उकळतं पाणी घालत नाही, ७५ ते ८० अंशांपर्यंत निवू देते. ते पान उकळत्या पाण्यानं कडू होतं आणि आपण बिचाऱ्या मोगऱ्याला बोल लावतो.

पाणीही सगळीकडे एक ठेव. आमच्या बोअरच्या जड पाण्यात काळ्या चहावर पातळ तवंग धरतो, रंग मातकट होतो, वास दबतो. तुझ्याकडच्या धरणाच्या पाण्यात तोच चहा खुलतो. त्यामुळे तुझा आणि माझा निकाल जुळला नाही तर घाबरू नको, आधी पाण्याकडे बघ.

चहा उतरला की गाळून घे आणि प्रथम ओल्या चोथ्याचा वास घे, तो गरम असतानाच. मग चमच्यानं थोडा चहा उचलून जोरात भुरका मार. आवाज झाला तर होऊ दे. भुरक्यानं चहा तोंडभर उडतो आणि त्याचा वास घशामागून नाकात चढतो. जिभेला कळतात त्या चवी मोजक्या, बाकी सगळं नाकाचं काम.

म्हणूनच आता सांगते ती युक्ती या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची आहे. नाक चिमटीत घट्ट धर आणि घोट घे. मोगरा गेला, बर्गमॉट गेला, आंबा गेला. आता तोंडात काय उरलं? तुरटपणा, थोडा कडवटपणा, जिभेवर जाणवणारं वजन उरलं असेल तर खाली चहा आहे. काहीच उरलं नाही, कोमट पाणी वाटलं, तर तू सुगंधाचे पैसे दिलेस. मग नाक सोड. वास परत येताना तो चहाला धरून येतो की एकटाच वर तरंगतो, ते बघ. हे सहाही कपांना कर. दहा मिनिटांनी, चहा निवल्यावर, पुन्हा कर. गरम कपात खूप काही खपून जातं. गार झाल्यावर स्वाद आणि चहा एकमेकांपासून फुटले, साबणासारखी किंवा गोळीसारखी चव मागे राहिली, तर माझ्या लेखी तो चहा बाद.

घोट गिळायचाच असं नाही. चूळ भरून टाकून दे. चहाचे जाणकार तेच करतात, आणि सहा कडक चहा पोटात गेले तर रात्री झोप येणार नाही. मधे साधं पाणी आणि कोरडी पोळी. सौम्य चहा आधी, लवंग, मिरी, पेपरमिंट शेवटी. लवंगेतलं युजेनॉल जीभ बधिर करतं, त्यानंतरच्या कपावर मग अन्याय होतो. आणि कपांखाली चिठ्ठ्या आईला लावायला सांग, तुला नावं दिसता कामा नयेत. तिला गुपचूप एकच चहा दोन कपांत ओतायला सांग. त्या दोघांबद्दल तू दोन वेगळी मतं लिहिलीस तर त्या दिवशीचा निकाल बाजूला ठेव आणि पुढच्या रविवारी पुन्हा बस. डब्याची किंमत आणि झाकणावरची सोनेरी नक्षी जिभेला किती फसवते ते यातून कळतं.

लिहून ठेव, आणि मराठीत लिही. "छान", "स्ट्राँग", "मस्त" हे शब्द वहीत नकोत, त्यांतून तुलाच महिन्यानं काही उमगणार नाही. आपल्याकडे शब्द काय कमी आहेत? वासाचा भपकारा येतो तो वेगळा, घमघमाट वेगळा, दरवळ वेगळा. भपकारा नाकावर आदळतो आणि विरतो. दरवळ घोट गेल्यावरही मागे राहतो. मला चहात दरवळ हवा असतो. चव कळली नाही तर "सपक", पाण्याचीच चव असेल तर "मचूळ", भट्टीत जास्त तापलेल्या पत्तीला "करपट", दमट जागी राहिलेल्या चहाला "कुबट", तेल जुनं झालं असेल तर "खवट". तुरट आणि कडू यांची गल्लत करू नको, पुष्कळ शिकलेली माणसं करतात. कडू म्हणजे कारलं, मेथी. ती चव आहे. तुरट म्हणजे कच्चं केळं किंवा आवळा चावल्यावर गालाला आणि हिरड्यांना बसते ती ओढ. चांगल्या काळ्या चहात ती ओढ हवीच. चहावाले तिला ब्रिस्क म्हणतात. ती गुण आहे. आणि कुठला वास दोष हे त्या चहाचा हेतू पाहून ठरव. चीनच्या वूयी डोंगरातला लापसांग सुशाँग पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात, तो धुरकट लागला तर तो बरोबरच आहे. काश्मिरी कहव्यात हिरव्या चहाचा हात मुद्दाम हलका असतो, तिथे केशर आणि वेलचीला वाव द्यायचा असतो. तुझ्या मामरीला मात्र धुराचा वास आला तर तो दोष.

दुधाचं तू विचारलंस. आधी सगळे चहा बिनदुधाचे, बिनसाखरेचे चाख. दुधातलं केसीन तुरटपणा पकडून मऊ करतं आणि साखर बाकीचं झाकते. मग मसाला चहा आणि मामरी यांना दूध घालून दुसरा निकाल दे. तो चहा दुधासाठीच असतो, त्याला बिनदुधाच्या कपात नापास करणं बरोबर नाही. दार्जिलिंग आणि मोगऱ्याला दूध दाखवू नको. तुझ्या पेटीतल्या लाल जास्वंदीच्या चहाला तर नकोच, त्याच्या आंबटपणानं दूध फाटेल.

मसाला चहाचा डबा तपासायचा तर आधी घरचा करून बघ. साध्या चहाचे चार कप, एकात फक्त आलं, एकात वेलची, एकात सुंठ, एकात गवती चहाची गाठ मारलेली पात. प्रत्येकाची चव एकेकटी ओळखता आली की मिश्रणात कोण जास्त झालंय ते आपोआप कळतं. आलं पाण्यात पूर्ण उकळू दे, मग दूध. कच्च्या आल्यातलं एन्झाइम दूध नासवतं. वेलची शेवटी घालून झाकण ठेव, फार उकळली तर तिचा वास वाफेबरोबर जातो. विकतच्या डब्यात पुष्कळदा लवंग आणि दालचिनी पुढे असतात, वेलची नावाला. वेलची महाग आहे, एवढं लक्षात घेऊन चाख.

ऑफिसात कुणाला काय द्यायचं ते या वहीवरून ठरव. ज्यांच्या घरी रोज दुधाचा चहा आहे त्यांना मोगऱ्याचा डबा दिलास तर तो फडताळात पडून सपक होईल. सुगंधी चहा उघडल्यावर फार दिवस टिकत नाही, तेव्हा डबा लहान घे.

माझे सहा डबे तसेच बंद ठेवले आहेत. रविवारी बस, सहाही चहांची पानं लिही आणि त्यांचे फोटो पाठव. ते आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी माझे डबे उघडीन आणि मग माझी वही तुला पाठवीन. दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
मालूआत्या